ओर्नाल्बाच्या ओवरीतले बेचाळीस हात

ओर्नाल्बा हे स्पेनच्या मधल्या पठारावरचे गाव. लाल मातीचे, लाल विटांचे आणि आता फार थोड्या माणसांचे. पाहुणा येतो तो बहुधा दुसरीकडे जाता जाता थांबतो. बघण्यासारखे तसे चारच आहे. सार्सा नदीवरचा तीन कमानींचा दगडी पूल, जुन्या तटाची उरलेली एकुलती वेस, नदीपलीकडच्या टेकडीवरचे सान रोकेचे छोटे प्रार्थनाघर आणि चौकातले सांता एउलालियाचे चर्च. पूल रोमन लोकांनी बांधला असे सांगतात, पण ओर्नाल्बात जुन्या कुठल्याही गोष्टीला रोमन म्हणायची रीत आहे. चर्चचा मनोरा मात्र मुसलमान गवंड्यांच्या हातचा असावा, कारण त्याच्या चारी अंगांना विटा तिरप्या लावून चांदण्या उमटवल्या आहेत.

चर्चची किल्ली बेनिता आजींकडे असते. पाहुण्याने दार वाजवले की त्या शाल पांघरून, वीतभर लांबीची ती लोखंडी किल्ली दोन्ही हातांत धरून बाहेर येतात. आतली वेदी, सोन्याचा मुलामा दिलेले लाकडी संत, छतावरची नक्षी हे सगळे त्या भराभर दाखवतात. मग बाहेर आणतात. चर्चच्या दक्षिणेला खांबांची एक लांब ओवरी आहे. तिच्या आतल्या भिंतीत भाजलेल्या मातीचे चौकोनी तुकडे बसवले आहेत आणि प्रत्येक तुकड्यावर माणसाच्या पंजाचा ठसा आहे. काही पंजे रुंद, काही अगदी सडपातळ. एक म्हातारीचा असावा, बोटे सांध्यांपाशी वाकलेली. एकाच्या करंगळीचे टोक नाही. असे बेचाळीस हात आहेत.

“हात लावायला हरकत नाही,” आजी म्हणतात. “लावण्यासाठीच आहेत ते.”

आणि मग त्या बाकावर बसून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणी चारशे म्हणतात, कोणी पाचशे. त्या वेळी ओर्नाल्बा भरलेले गाव होते. वेशीबाहेर, जिथे चिकणमातीची खाण होती, तिथे मेन्सिया नावाची एक बाई राहत असे. ती कौलारीण होती. कौले घडवायची, भट्टीत भाजायची, विकायची. डोंगरांपलीकडच्या कुठल्या तरी मुलखातून ती नवऱ्याबरोबर आली होती. तीन वर्षांनी खाणीची कड ढासळली आणि नवरा तिच्याखाली गेला. त्याला तिने स्वतः उकरून काढले असे सांगतात. मूलबाळ नव्हते. परत जावे असे कोणी मागे उरले नव्हते. ती राहिली.

गावातल्या प्रत्येक घरावर तिची कौले होती, पण घरात तिला कोणी बोलावलेले नव्हते. तिचे बोलणे वेगळे होते, शब्दांची टोके ती गिळायची. मुले तिची नक्कल करीत. चर्चमध्ये प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली, तिची नव्हती. ती दाराशी उभी राहायची आणि प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी निघून जायची, म्हणजे मग कोणी आपल्याशी बोलले नाही हे बघावे लागत नसे.

एका जून महिन्यात नदीच्या खालच्या गावांतून प्लेग आला. आठवड्याभरात ओर्नाल्बातली एकेचाळीस माणसे तापाने पडली. पंचांची बैठक चौकात झाली. नुन्यो नावाचा गावप्रमुख होता, मोठ्या आवाजाचा पण घाबरलेला. ठरले असे की जे धडधाकट आहेत त्यांनी पूल ओलांडून टेकडीवर मेंढपाळांच्या झोपड्यांत जायचे. आजाऱ्यांना चर्चमध्ये ठेवायचे. पाद्री फ्रोइलान म्हणाले, “मी त्यांच्याजवळ राहतो.” ते साठीच्या पुढचे होते. एकट्याने एकेचाळीस माणसांना पाणी पाजणे त्यांच्याने होणार नव्हते, हे सगळ्यांना दिसत होते.

“आणखी कोण राहील?” नुन्योने विचारले.

प्रत्येकाला जगवायचे कोणी तरी होते. मग गाड्यांत कोण कोण बसणार त्यांची नावे तो वाचू लागला. मेन्सिया गर्दीच्या कडेला उभी राहून आपल्या नावाची वाट पाहत होती. नावे संपली. नुन्योने कागदाची घडी घातली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, “तुझ्या मागे तर कोणी नाही, मेन्सिया.”

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. गाड्या हलल्या तेव्हा ती जिथल्या तिथे उभी होती, एवढेच. पुढे लोकांनी तिला संत करून टाकले, तिने देवाला नवस बोलला होता असेही काही जण सांगतात. बेनिता आजींना ते पटत नाही. “नवस कसला? तिचं नावच घेतलं नाही कोणी,” त्या म्हणतात.

टेकडीवरच्यांनी आणि पाद्रीबाबांनी मिळून एक खूण ठरवली होती. रोज भर दुपारी चर्चची घंटा वाजवायची. गावात जितकी माणसे जिवंत, तितके ठोके. टेकडीवर ते मोजायचे आणि तितके पाव पुलाच्या मधोमध जो दगडी क्रूस आहे त्याच्या पायथ्याशी आणून ठेवायचे. आणणाऱ्याने निघून जायचे, मग गावातल्याने येऊन उचलायचे. ठोके कमी होणे थांबले की तिथून चाळीस दिवस मोजायचे. चाळीस दिवसांत आकडा बदलला नाही तर रोग गेला असे समजून परत यायचे. आणि घंटा लागोपाठ तीन दिवस वाजलीच नाही, तर गाव मेले असे धरून हिवाळ्याच्या आत दुसरा मुलूख शोधायला निघायचे. ओर्नाल्बाकडे पुन्हा पाहायचे नाही.

पहिल्या दिवशी दोर मेन्सियाने ओढला. पाद्रीबाबा खाली उभे राहून मोजत होते. ती थांबली तसे ते म्हणाले, “एक राहिला.”

तिने बोटांवर पुन्हा हिशेब केला. “एकेचाळीस आजारी आणि तुम्ही. बेचाळीस झाले, पाद्रीबाबा.”

“एक राहिला, मेन्सिया.”

“कोण?”

“तू.”

तिने दोराकडे पाहिले. मग त्रेचाळिसावा ठोका वाजवला. तो इतरांपेक्षा हलका वाजला असे सांगतात.

पहिली गेली ती साबीना, विणकाम करणारी म्हातारी. जायच्या आदल्या दिवशी तिने मेन्सियाचे मनगट धरले. गावाबाहेर मोठा खड्डा खणलेला होता, त्यात चुना ओतत, हे तिला माहीत होते. “सगळ्यांबरोबर टाकशील मला,” ती म्हणाली. “माझ्या लेकी परत येतील तेव्हा कुठे बघतील? मला लिहिता येत नाही. तुला तरी येतं का?”

“नाही येत.”

“मग काय सांगशील त्यांना?”

मेन्सिया उठून वेशीबाहेर गेली आणि ओल्या मातीचा एक चौकोन थापून घेऊन आली. तिला दुसरे काही करता येत नव्हते. साबीनाचा वाकडा हात तिने त्या मातीवर ठेवला, वरून आपला हात ठेवला आणि दाबला. म्हातारी बराच वेळ त्या ठशाकडे पाहत राहिली. “माझाच आहे,” ती म्हणाली आणि हसली.

त्यानंतर ते चालूच राहिले. कोणी स्वतःहून हात पुढे करी. कोणी तो दिवस पुढे ढकली, जणू ठसा दिला नाही तर मरण येणार नाही. काहींचे हात तिला नंतर, थंड झाल्यावर दाबावे लागले. तुकडे साठले की ती भट्टी पेटवायची. टेकडीवरून तो धूर दिसे. तिथे लोक चिडले. गावात माणसे मरताहेत आणि ही बाई विकायला कौले भाजते आहे, असे ते म्हणाले. तिच्या नावाने बोटे मोडली. हे तिला तेव्हा माहीत नव्हते.

जुलैमध्ये पाद्रीबाबा गेले. ऑगस्टमध्ये मनोऱ्यावरचे करकोचे उडून गेले, तेव्हा दुपारचे ठोके नऊवर आले होते. मग सहा. मग चार.

सप्टेंबरात दोघेच उरली. दुसरा होता तेयो. गावचा भटारखाना चालवणाऱ्या बाईचा मुलगा, बाविशीचा, लहानपणी तव्याखाली सापडून करंगळीचे टोक गेलेला. त्याला दोनदा ताप उतरून पुन्हा चढला होता. आठ दिवस तो बरा होता. उठून बसायचा, ओवरीत उन्हाला यायचा. बोलका होता. आपली आई हिमेना किती कडक आहे, पहाटे सगळ्यांना कशी उठवते, आजारी पडलो की मात्र बडीशेप घातलेला पाव माझ्यापुरता वेगळा कसा भाजते, हे सगळे त्याने मेन्सियाला सांगितले. इतकी वर्षे त्या गावात राहून तिच्याशी कोणी इतके बोललेले नव्हते. तो तिच्या उच्चारांना हसला, तेव्हा तीही हसली. सगळे परत आल्यावर तुला आमच्या बाकावर बसवतो, असेही म्हणाला.

नवव्या दिवशी ताप चढला. त्याने स्वतःच हात पुढे केला. “आईला कळेल,” तो म्हणाला आणि करंगळी नीट दाबली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेन्सिया मनोऱ्याखाली एकटी उभी होती. दोर हातात होता. आजवर तिने दुसऱ्यांसाठी वाजवले होते आणि आपला ठोका शेवटी, उरकून टाकावा तसा वाजवला होता. आता तेवढाच उरला होता. तिने तो वाजवला. एक. घंटेचा नाद रिकाम्या गल्ल्यांतून फिरला, नदीपर्यंत गेला आणि विरला.

आणि मग टेकडीवरून हाका आल्या.

तिथे लोकांनीही मोजले होते. एकच माणूस जिवंत आहे हे त्यांना कळले होते. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून ते प्रार्थनाघरापाशी कडेला येऊन उभे राहिले आणि प्रत्येकाने आपापल्या माणसाचे नाव घेऊन हाक मारली. “साबीना!” “इन्येस!” “तेयो!” वारा त्या बाजूचा होता. एकामागून एक, सगळ्याच्या सगळ्या हाका चौकात येऊन पोचल्या. मेन्सिया दारात उभी राहून ऐकत होती. शेवटची हाक संपल्यावरही ती थोडा वेळ थांबली. मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुलावर गेली. क्रूसाच्या पायथ्याशी फडक्यात गुंडाळलेला एक पाव होता. तिने फडके सोडले आणि वास आला. बडीशेपेचा.

ती तिथेच बसली. भूक लागली होती, कालपासून पोटात काही नव्हते. त्या पावावर कोणाचे नाव आहे हे तिच्याइतके जगात कोणालाच माहीत नव्हते. तो उचलू नये असे तिला वाटले. मग तिने तो उचलला आणि खाल्ला, सगळा, कणही न सांडता. खाताना रडत होती असे सांगतात, पण पाहायला तिथे कोण होते?

तिसऱ्या दिवशी ती लवकर गेली. आज ओरडून सांगायचे असे तिने ठरवले होते. वेशीच्या कमानीआड उभी राहिली. पलीकडून हिमेना येताना दिसली, पाव छातीशी धरलेला. क्रूसापाशी तिने तो ठेवला. ठरल्याप्रमाणे तिने परत जायला हवे होते, पण ती पुलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन थांबली आणि वेशीकडे टक लावून पाहत राहिली. मेन्सिया कमानीच्या दगडाला पाठ लावून श्वास रोखून उभी राहिली. एक शब्द बोलायचा होता. तो उच्चारला तर ही बाई आत्ता, या इथे, मुलाची आई राहणार नव्हती. आणि वर टेकडीवर बेचाळीस माणसे एका क्षणात मेली असती. ते खरेच होते. पण दुसरेही एक खरे होते आणि ते मेन्सियाने स्वतःपासून लपवले नाही. उरलेली आपण आहोत हे कळल्यावर उद्या पाव येईल का, याची तिला खात्री नव्हती.

आज नको, उद्या सांगू, असे ती म्हणाली. हिमेना गेल्यावर तिने पाव उचलला.

तो उद्या आला नाही. रोज दुपारी एक ठोका. रोज त्यानंतर हाका. काही दिवसांनी तिला त्यांचा क्रम पाठ झाला. कोणाचा आवाज बसला आहे, कोण काल रडले आहे, हेही कळू लागले. दोन-तीन हाका हळूहळू थांबल्या, त्या घरांनी आशा सोडली होती. बाकीच्या चालू राहिल्या. तिचे नाव त्यांत कधीच आले नाही. ती असेल हे टेकडीवर कोणाच्या मनातच आले नव्हते. कोणी तिला विसरले होते असेही नाही. तिला मोजायचे असते हे कोणाला सुचलेच नव्हते.

दिवस भरायला तिने काम काढले. ओवरीची आतली भिंत खरवडली, चुना कालवला आणि एकेक हात भिंतीत बसवायला लागली. लहान मुलांचे खाली, म्हणजे आयांना बसून हात लावता येईल. दमलेल्या म्हाताऱ्यांचे बाकाजवळ. पाद्रीबाबांचा कोपऱ्यात, सगळे दिसतील असा. बसवताना ती प्रत्येकाचे नाव मोठ्याने घ्यायची. बोलायची सवय जाऊ नये म्हणून, असे म्हणतात. स्वतःचा आवाज ऐकून ती कधी कधी दचकायची.

सव्विसाव्या दिवशी तिला ताप आला.

सकाळी उठताना भिंत धरावी लागली. मनोऱ्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच कोसळली. त्या दुपारी घंटा वाजली नाही. टेकडीवर हाकाही झाल्या नाहीत. लोक कडेला गोळा झाले, संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि झोपड्यांत परतले. दुसऱ्या दिवशीही तसेच. नुन्योने गाड्यांची चाके तपासायला सांगितली. बायका भांडी बांधू लागल्या. हिमेना तेवढी पुलावर पाव ठेवून आली. कालचा पाव तिथेच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मेन्सिया जोत्याच्या थंड दगडाला गाल लावून पडली होती. तिला बरे वाटत होते, आणि तेच भयंकर होते. आता उठायला नको होते. सगळे पलीकडे गेले होते, तेयो होता, पाद्रीबाबा होते, खाणीतला तिचा माणूस होता. इथे तिची वाट पाहणारे कोणी नव्हते. उठून वाजवले तर कोणासाठी वाजवायचे? जो ठोका ती वाजवी तो तिचा होताच कुठे? टेकडीवर पोचेपर्यंत तो दुसऱ्या कोणाचा तरी होऊन जाई.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिला वाऱ्यावरून आवाज आला. हाका नव्हत्या. गाड्यांना बैल जुंपल्याचा, जोखडाच्या घुंगरांचा आवाज होता. तो कशाचा हे तिला लगेच कळले. ते निघाले होते. ही घरे, ज्यांच्यावर तिच्या हातची कौले होती, ती पडून जाणार होती. आणि भिंतीतल्या हातांना कोणी कधी हात लावणार नव्हते.

ती उठली असे म्हणता येणार नाही. सरपटत दोरापर्यंत गेली. हातांत जोर नव्हता म्हणून दोर कमरेला गुंडाळला आणि सारे अंग खाली टाकले. घंटा वाजली.

टेकडीवर पहिली गाडी उताराला लागली होती. सगळे जिथे होते तिथे गुडघे टेकून बसले, नुन्योसुद्धा. मग हाका सुरू झाल्या. ज्या घरांनी आशा सोडली होती त्यांनीही पुन्हा हाका मारल्या. पुढच्या काही दिवसांत मेन्सियाचा ताप उतरला.

चाळीस दिवस पुरे झाले तो दिवस नोव्हेंबरातला होता. मेन्सियाने सकाळी केस विंचरले, हातांचा चुना धुतला आणि चर्चच्या दारात उभी राहिली. पुलावरून पावलांचा आवाज आला. लोक धावत होते. वेशीतून आत आले, चौकात आले आणि तिला पाहून थांबले.

पाहुण्यांना हा भाग सांगताना बेनिता आजी नेहमी थोडे थांबतात. दोनशे माणसे होती, त्या म्हणतात. दोनशे चेहरे तिच्याकडे आशेने पाहत होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते सगळेच्या सगळे विझले. तिच्या मागे, चर्चच्या अंधारात, अजून कोणी असेल म्हणून ते तिच्या खांद्यावरून आत पाहत राहिले.

हिमेना पुढे आली. “तेयो?”

मेन्सियाने मान हलवली.

“कधी?”

“पहिला एक ठोका वाजला, त्याच्या आधी.”

हिमेनाचे ओठ हलले. ती मनात ते चाळीस दिवस मोजत होती. “मग पाव?”

“मी खाल्ला.”

“सगळे?”

“मुंग्या लागलेले दोन सोडून सगळे.”

“तूच का?” हिमेना म्हणाली. ती ओरडली नाही, तिला खरोखरच ते विचारायचे होते. “एवढ्या माणसांत तूच का राहिलीस?”

“मला नाही माहीत,” मेन्सिया म्हणाली.

मग तिने हिमेनाचे मनगट धरले, साबीनाने एकदा तिचे धरले होते तसे, आणि तिला ओवरीत नेले. करंगळीचे टोक नसलेल्या हातासमोर उभे केले. हिमेनाने आधी नुसते पाहिले. मग आपला तळवा त्यावर ठेवला. तो पुरता बसला नाही, मुलाचा हात मोठा होता. तिने कपाळ भिंतीला टेकले. मागून इतर आले. कोणाला दाखवावे लागले नाही. ज्याने त्याने आपले माणूस ओळखले. त्या दिवशी ओवरीत फार मोठा आक्रोश झाला, आणि तो ऐकून भिंतीवरची पाखरे उडून गेली ती हिवाळाभर परतली नाहीत, असे सांगतात.

त्या गर्दीतून मेन्सिया निघून गेली. वेशीबाहेर, आपल्या भट्टीकडे. तिला कोणी थांबवले नाही. ती गेली हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. गावाने तिचा मान ठेवला. चर्चमध्ये तिला पहिल्या रांगेत जागा दिली. ती तिथे बसे आणि तिच्या शेजारचा बाक रिकामा राही. लोक वाईट नव्हते. पण तिच्या तोंडाकडे पाहिले की तिने आपल्या माणसाचे शेवटचे काय पाहिले असेल ते मनात येई, आणि विचारायचा धीर होत नसे. मग नजर खाली जाई. हिमेना दर शनिवारी भट्टीच्या कठड्यावर एक पाव ठेवून जाई. अकरा वर्षांत दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. तिचा स्वतःचा हात भिंतीत कुठे आहे, असे पाहुणे विचारतात. तो नाही. तिने बसवला नाही आणि कोणी मागितला नाही.

फेब्रुवारीत, सान ब्लासच्या सणाच्या आदल्या दिवशी, हिमेना पाव ठेवायला गेली तेव्हा आधीचा पाव तिथेच होता. आत जाऊन पाहिले तर मेन्सिया मातीच्या ढिगाला टेकून बसल्यासारखी होती. पुरायच्या आधी रीतीप्रमाणे आप्तांना कळवायचे, पण कोणाला? तिचे गाव कोणते, आईबापांची नावे काय, हे गावात एकालाही सांगता येईना. नव्या पाद्रींनी नोंदीत नुसते मेन्सिया लिहिले.

सान ब्लासच्या दिवशी दुपारी तिला पुरले. लोक परतायला लागले तेव्हा हिमेना मनोऱ्यात गेली. ती आता म्हातारी झाली होती. तिने दोर ओढला. एकच ठोका. मग ती चौकात आली, टेकडीकडे तोंड केले आणि चाळीस दिवस तिने हाक मारली होती त्याच आवाजात ओरडली, “मेन्सिया!”

परतणारे सगळे मागे वळले. मग साबीनाच्या लेकीने हाक मारली. मग नुन्योने. मग गावाने. ज्यांचे आवाज कधी काळी वेगवेगळ्या नावांनी फाटले होते, ते सगळे त्या एका नावाने फाटले. फार उशीर झाला होता, हे त्यांना कळत होते. म्हणूनच बहुधा ते लवकर थांबले नाहीत.

आजही सान ब्लासच्या दिवशी दुपारी ओर्नाल्बात एकच ठोका वाजतो आणि जे कोणी गावात असेल ते चौकात येऊन तिला हाक मारते. पूर्वी दोनशे जण असत. बेनिता आजींच्या लहानपणी साठ होते. आता हिवाळ्यात ओर्नाल्बात अकरा घरांतच चूल पेटते, आणि थंडी कडक पडली की त्यांतलेही बरेच जण शहरात मुलांकडे जातात.

चार वर्षांपूर्वी बर्फ पडले आणि रस्ता बंद झाला. सान ब्लासच्या दिवशी चौकात आजी एकट्याच होत्या. त्यांनी दोर ओढला, पायऱ्यांवर येऊन टेकडीकडे तोंड केले आणि हाक मारली. आवाज पुलापर्यंतही पोचला नसेल असे त्यांना वाटले. जरा दम घेऊन पुन्हा मारली, निदान तीनदा तरी मारावी म्हणून.

तेव्हा टेकडीवरून पुरुषाच्या आवाजात उत्तर आले, “मेन्सिया!”

तो द्रिस होता. मोरोक्कोतून आलेला मेंढपाळ, त्याआधीच्या शरद ऋतूत कोणीतरी मेंढ्या राखायला ठेवलेला. त्याला गावात कोणी ओळखत नव्हते आणि त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. एक म्हातारी बाई बर्फात उभी राहून कोणाला तरी हाका मारते आहे एवढे त्याला ऐकू आले होते. कोणी हरवले आहे असे त्याला वाटले. मेंढ्या प्रार्थनाघराच्या आडोशाला सोडून तो उतरणीला लागला आणि झुडपाझुडपाशी थांबून, वाकून बघत, ते नाव आपल्या उच्चारात मोठमोठ्याने घेत पुलापर्यंत शोधत आला.